उन्हातली मॅच आणि काळे पडलेले चेहरे

एप्रिल उजाडला की या कॉलमकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. शिबिरं सुरू झालेली असतात, सकाळी सहापासून मैदानं भरलेली, कठड्याला टेकून आई-बाबा उभे, कुणाच्या गळ्यात कॅमेरा तर कुणाच्या हातात फोन, आणि संध्याकाळी घरी येऊन फोटो बघितले की सगळ्यांची तक्रार एकच, एवढं लख्ख ऊन होतं तरी फोटो असे का आले? या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतलीयेत. काही प्रश्न तीन-तीन जणांनी विचारले होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : दादा, माझी मुलगी आठवीत आहे, खो-खो खेळते. डिसेंबरात त्यांच्या स्पर्धेत मी जवळजवळ चारशे फोटो काढले. ऊन भरपूर होतं पण सगळ्यांचे चेहरे काळे आणि पांढरे टीशर्ट असे की त्यावरचे नंबरसुद्धा दिसत नाहीत. कॅमेरा दोन वर्षांपूर्वीचा, सोबत ७०-३०० लेन्स आहे, ऑटोवरच काढते. आता शिबिरात पुन्हा मॅचेस आहेत. कॅमेरा बिघडलाय का मीच चुकतेय? (एक आई, कोथरूड)

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे ताई, आणि तुमचंही फार चुकलेलं नाही, फक्त बसायची जागा चुकली असणार. उन्हात सेटिंग सोपं असतं, अवघड असते ती जागा, पण सगळे जण मेनूत घुसून बसतात आणि मैदानाला एक चक्कर कुणी मारत नाही.

आधी सेटिंगचं उरकून टाकू. ऑटोवर असताना कॅमेरा समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या रंगाएवढं उजळ करायला बघतो. समोर नऊ पोरी पांढऱ्या टीशर्टात असल्या की त्याला वाटतं बापरे केवढा उजेड, मग तो फोटो दाबून टाकतो आणि चेहरे काळे पडतात. दुसऱ्या क्षणाला एकच पोरगी फ्रेममध्ये आणि मागे गर्द झाड, की तो उलटं करतो, सगळं उजळवतो आणि टीशर्ट उडतो, म्हणजे नुसता पांढरा डाग होतो. वास्तविक दोन्ही वेळेला ऊन तेवढंच होतं, सूर्याने काही कमीजास्त केलेलं नाही. म्हणून कोरड्या स्वच्छ उन्हात सरळ मॅन्युअलवर जायचं, म्हणजे आकडे आपणच ठरवायचे. घाबरू नका. फिल्मच्या काळापासूनचा एक हिशेब आहे, कडक ऊन असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ १६ ला शटर (उजेड किती वेळ आत येतो) आयएसओएवढा (सेन्सर उजेडाला किती हळवा तो आकडा), म्हणजे आयएसओ २०० तर सेकंदाचा दोनशेवा भाग. आपल्याला एफ १६ नकोय, तुमची लेन्स लांब टोकाला बहुतेक एफ ५.६ पर्यंत उघडत असेल, म्हणजे तीन पायऱ्या जास्त उजेड (एक पायरी म्हणजे दुप्पट), तर शटर तीन पायऱ्या वेगात, दोनशेचे चारशे, चारशेचे आठशे, आठशेचे सोळाशे. झालं की. आयएसओ २००, एफ ५.६, शटर १/१६००. पळणारी पोरगी थांबवायला १/१००० पुरतो, सूर मारणारीला सोळाशे बरा. एक फोटो काढायचा, स्क्रीनवर पांढरा टीशर्ट लुकलुकतोय का बघायचं (ती जास्त-उजेडाची वॉर्निंग मेनूत चालू करून ठेवा), लुकलुकला तर शटर एक-दोन खटके वाढवायचा आणि मग ढग येईपर्यंत डायलला हात लावायचा नाही. ढग आला की मात्र विसरू नका, मी विसरतो, अजूनही.

फोकस कॅननमध्ये एआय सर्वोवर, निकॉन-सोनीत एएफ-सीवर, म्हणजे फोकस पळणाऱ्याच्या मागे राहतो, आणि बर्स्ट (बोट दाबून धरलं की एकामागून एक फोटो) चालू.

आता जागा. डिसेंबरात पुण्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून कललेला असतो, ऐन दुपारीसुद्धा साधारण ४८ अंशांवरच. म्हणजे मैदानाच्या दक्षिण बाजूला बसलात तर ऊन तुमच्या पाठीवर आणि खेळणारींच्या तोंडावर. माझा अंदाज, तुम्ही मंडपाखाली पाहुण्यांच्या शेजारी बसला होतात आणि मंडपाचं तोंड दक्षिणेला होतं. शहाणी माणसं पाहुण्यांच्या डोळ्यात ऊन येऊ नये म्हणूनसुद्धा मंडप असा घालत नाहीत, पण घालतात, काय करणार. मेमध्ये प्रकरण वेगळं. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास अगदी डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतो तो दिवस, तेव्हा दक्षिण-उत्तर काही चालत नाही, सगळ्यांच्या डोळ्यांखाली खड्डे. त्यामुळे शिबिराच्या मॅचेस सकाळी साडेनऊपर्यंतच्या पकडा आणि ऊन पूर्वेकडून येतंय हे धरून पूर्वेच्या बाजूला बसा.

खो-खोवाल्यांना एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे माती. उन्हात कोरडी माती खालून उजेड परतवते आणि पाटीवर बसलेल्या पोरींच्या चेहऱ्यावर तो छान येतो, हिरवळीवर एवढा येत नाही. फक्त चेहरे जरा तांबूस होतात, म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटो न ठेवता डेलाइटवर ठेवा, निदान सगळे फोटो एकसारखे तांबूस येतील आणि नंतर एका फटक्यात सुधारता येतील.

आणि खांब! खो-खोमध्ये मैदानभर पोरींच्या मागे लेन्स फिरवत बसलात तर पाठी आणि वेण्याच मिळतील, कारण आक्रमक कधी कुठून उठेल हे बसलेल्या पोरींनाच माहीत नसतं तर आपल्याला काय कळणार. खांब मात्र हलत नाही. खांबाच्या मागे, रेषेच्या बाहेर, सरळ रेषेत नाही तर दोन-तीन पावलं बाजूला (नाहीतर खांबच चेहऱ्यावर येतो) खाली मांडी घालून बसायचं, खांबावर फोकस लावून ठेवायचा, आणि बचाववाली खांबाला वळसा घालायला आली आणि मागून आक्रमकाने सूर मारला की बोट दाबून धरायचं. आठ-दहा फोटोंत एक असा मिळतो की लांबवलेला हात, उडालेली माती, दात आवळलेला चेहरा सगळं एकत्र. मात्र बसायच्या आधी पंचांना विचारा, पोरगी घसरत आली आणि तुमच्या लेन्सवर आपटली तर फोटो जाईल, पोरीचं नाक जाईल. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाचे नियम बसवले त्या खेळाचे धड फोटो पुण्यातच मिळत नाहीत, हे मला नेहमी खटकतं, तर तुम्ही काढाच.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांखालच्या संघात आहे, लेदर बॉलने खेळतात. टोपीच्या सावलीत चेहरा गायब, हेल्मेट घातलं तर फोकस जाळीवर. फ्लॅश घेऊ का? दुकानदार म्हणतो घ्या. (एक बाबा, हडपसर)

उत्तर : दुकानदार म्हणणारच. पन्नास-साठ मीटरवर उन्हाशी झुंजायला तुमच्या छोट्या फ्लॅशची ताकद नाही, शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या पुढच्या शटरला जुळतच नाही, आणि जुळवायचा मोड असला तरी त्यात ताकद आणखी घटते. वर बॅट्समनच्या डोळ्यावर चमकला तर अंपायर तुम्हाला हाकलतील आणि बरोबरच करतील. पैसे वाचवा.

क्रिकेटमध्ये एक गंमत आहे जी पंधरा वर्षं मॅचेस काढून झाल्यावर माझ्या डोक्यात शिरली. पिच शक्यतो उत्तर-दक्षिण असतं, म्हणजे बॅट्समनच्या किंवा बोलरच्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन सरळ जाऊ नये. आता उजव्या हाताचा बॅट्समन दक्षिण टोकाला उभा असला तर त्याचा डावा खांदा उत्तरेला, छाती पूर्वेला. सकाळचं ऊन थेट त्याच्या छातीवर आणि गालावर, टोपीच्या खालून आत शिरणारं. तोच उत्तर टोकाला गेला की छाती पश्चिमेला आणि ऊन पाठीवर. म्हणजे सकाळी पूर्वेच्या बाउंड्रीवर बसा आणि तुमचं चिरंजीव दक्षिण टोकाला असेल त्या ओव्हरना फोटो काढा, दुसऱ्या ओव्हरला पाणी प्या. दुपारनंतरची मॅच असेल तर सगळं उलटं. डावखुरा असेल तर परत उलटं, एकदा कागदावर आकृती काढून बघा, डोकं फिरतं पण कळतं. (पिच वाकडं असलेली मैदानं पुण्यात आहेत, जिथे जागाच तशी मिळाली तिथे, तर आधी फोनमधला कंपास लावून बघा.)

टोपीच्या सावलीवर दुसरा उपाय म्हणजे पोरगं वर बघेल त्या क्षणाची वाट बघणं. उंच उडालेला कॅच घेताना अख्खा चेहरा आभाळाकडे असतो, डोळे मोठे, तोंड उघडं, टोपीची सावली मानेवर. असा एक फोटो शंभर कव्हर ड्राइव्हला भारी. म्हणून बॉल हवेत गेला की बॉलमागे लेन्स नेऊ नका, खाली धावणाऱ्या पोराकडे न्या.

हेल्मेटसाठी फोकसचा एकच छोटा पॉइंट निवडून तो जाळीवर नाही तर छातीवरच्या नंबरवर किंवा खांद्यावर ठेवा, एवढ्या लांबून छाती आणि डोळे यांच्या अंतरात फरक पडत नाही. सावलीतला चेहरा थोडा उजळायला कॅमेऱ्यातच सोय असते, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीत डी-रेंज ऑप्टिमायझर, जेपेगवर (कॅमेऱ्यातच तयार होणारा फोटो) काढत असाल तर मधल्या पातळीवर चालू ठेवा. रॉ (सेन्सरवरची कच्ची फाइल) काढत असाल तर याची गरज नाही, घरी सावल्या उचला. फक्त टीशर्ट उडू देऊ नका, काळं वर आणता येतं पण उडालेलं पांढरं कुठूनच परत येत नाही.

प्रश्न : ३०० वर झूम केलं की फोटो मऊ, जणू पाण्यातून काढलेत. सकाळी ठीक येतात, अकरानंतर खराब. लेन्स सर्व्हिसला टाकू का? (सिंहगड रोड)

उत्तर : नका टाकू. तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय, "सकाळी ठीक". तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, डांबरी रस्त्यावर लांबून पाणी दिसतं ना तेच, आणि त्या हलत्या हवेतून लांबची लेन्स बघते तेव्हा फोटो चुरगळल्यासारखा येतो. शटर वाढवून, फोकस बदलून, महागातली लेन्स घेऊन काहीच होत नाही. सिंथेटिक ट्रॅक आणि टर्फवर तर फारच. मी हे शिकलो ते पैसे घालवून, एका मे महिन्यात लेन्स दोनदा रिपेअरवाल्याकडे नेली, दोन्ही वेळा त्याने साफसफाई करून बिल लावलं आणि काय बिघडलं होतं ते काही सांगितलं नाही, सांगणार काय, काही बिघडलंच नव्हतं.

इलाज म्हणजे जवळ जा. २०० मीटरच्या शर्यतीत फिनिशच्या पलीकडे लांब बसण्यापेक्षा शेवटच्या वीस मीटरच्या शेजारी बसा, झूम कमी लागेल आणि मधली हवाही कमी. फार खाली पालथे पडूनही काढू नका, जमिनीलगत हवा सगळ्यात जास्त हलते. मी एरवी सगळ्यांना खाली बसा म्हणतो, अकरानंतरच्या टर्फवर मात्र उभे राहा. अकरानंतर घरी गेलात तर आणखी उत्तम.

प्रश्न : नातू फुटबॉल खेळतो, बालेवाडीला मॅच होती. माझ्याकडे फोनच आहे. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, अर्ध्या तासात फोन गरम होऊन कॅमेराच बंद. गॅलरीतून काढलेल्या फोटोत नातू मुंगीएवढा. आता या वयात कॅमेरा घ्यावा का? (आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : आजोबा, घ्यायचा तर हौसेने घ्या, या कारणासाठी नको. शिवछत्रपती क्रीडा संकुलाचं स्टेडियम राष्ट्रीय खेळांसाठी १९९४ ला बांधलेलं आहे, तिथे गॅलरीत बसून फोनवर नातू मुंगीएवढाच येणार, त्यात फोनचा दोष नाही. खाली उतरता येत असेल तर रेलिंगशी या, आणि खेळ सगळीकडे पळत काढण्यापेक्षा जिथे खेळ आपल्याकडे चालून येतो ती जागा धरा. थ्रो-इन, कॉर्नर, गोल झाल्यावरची उडी, हाफटाइमला सावलीत पाण्याची बाटली डोक्यावर ओतणारा नातू. यातला शेवटचा फोटो फोनवर कॅमेऱ्यापेक्षा काही कमी येत नाही, कारण सावलीत उजेड सगळीकडून सारखा असतो, डोळे बारीक केलेले नसतात. बोटाने झूम ओढू नका, फोनमध्ये २ किंवा ३ चा बटणवाला झूम असेल तेवढाच वापरा.

स्क्रीन दिसत नाही याचं कारण अर्धं ऊन आणि अर्धं फोन स्वतः. तापला की स्वतःला वाचवायला तो स्क्रीन मंद करतो, मग आपण ब्राइटनेस वाढवतो, मग तो आणखी तापतो. तर कव्हर काढून टाका, दोन फोटोंच्या मध्ये तो टोपीखाली किंवा पंच्याच्या सावलीत ठेवा, मॅच चालू असताना पॉवर बँकेला लावू नका आणि पूर्ण मॅचचा व्हिडिओ काढायचा मोह आवरा, सगळ्यात जास्त तोच तापवतो. थंड करायला बर्फाच्या डब्यात मात्र ठेवू नका, आत पाणी धरतं, मला एका आजीने हा उपाय छातीठोकपणे सांगितला होता आणि पुढच्या महिन्यात नवा फोन घेतला.

आणखी एक, खिशातल्या फोनच्या लेन्सवर घाम आणि तेलाचा थर असतो, उन्हात त्याचाच धुरकट पडदा दिसतो. शर्टाच्या टोकाने नको, चष्म्याच्या फडक्याने पुसा, ते तुमच्याकडे असेलच.

प्रश्न : पोलरायझर (लेन्सपुढे लावायची फिल्टरची काच) लावला की उन्हातले फोटो चांगले येतात का? (दोघा-तिघांचा प्रश्न)

उत्तर : आभाळ निळं येतं. पोरं तशीच येतात. वर तो दीड-दोन पायऱ्या उजेड खातो, म्हणजे तुमचा सोळाशेचा शटर चारशेवर. पळापळीच्या खेळात काढून ठेवा, त्याऐवजी लेन्ससोबत आलेलं हूड (आडवं ऊन अडवणारी पुढची कड) लावा, ते बऱ्याच जणांकडे उलटं लावलेलंच असतं घेतल्यापासून. पोलरायझर कधी लावायचा ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुलगी स्केटिंग करते. शटर दोन हजार ठेवला तर ती पुतळ्यासारखी उभी दिसते, वेगच जाणवत नाही. मागची रेघोट्यांची बॅकग्राउंड उन्हात कशी आणायची? (सहकारनगर)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला चहा. सगळे वेग थांबवायच्या मागे असतात. याला पॅनिंग म्हणतात, शटर १/६० च्या आसपास ठेवून मुलीबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा, ती शार्प आणि मागचं सगळं पुसलेलं. अडचण अशी की भर उन्हात आयएसओ १०० ला १/६० हवा तर अ‍ॅपर्चर एफ २० च्या आसपास न्यावं लागतं, तिथे फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण दिसतो. इथे तो पोलरायझर बाहेर काढा, दीड-दोन पायऱ्या उजेड खाल्ला की एफ ११ ला काम होतं. सकाळी लवकरचं ऊन असेल तर आणखी सोपं.

उभं कुठे राहायचं? प्रॅक्टिसला सर आत येऊ देत असतील तर वळणाच्या आतल्या बाजूला, मध्याच्या जवळ, म्हणजे ती वळण घेईपर्यंत तुमच्यापासून तेवढ्याच अंतरावर राहते आणि फोकस फारसा बदलावा लागत नाही. पाय रोवून, कमरेतून फिरायचं, ती समोर यायच्या आधीपासून फिरायला लागायचं आणि ती गेल्यावरही फिरणं थांबवायचं नाही, कॅरमच्या सोंगटीसारखा झटका दिला की संपलं. तिसातले दोन आले तरी खुश व्हा, माझं प्रमाणही याहून फार बरं नाही. मागे लावलेल्या दुचाक्या पुसल्या जातात हा वरचा फायदा, नाहीतर पुण्यात कुठल्याही बाजूने फोटो काढा, मागे दुचाकी असतेच.

प्रश्न : मी संघातल्या सगळ्याच मुलींचे फोटो काढते आणि टाकते. एका आईने नाराजी दाखवली. माझं काय चुकलं? (औंध)

उत्तर : तिला विचारलं नाहीत हे चुकलं. काढताना प्रशिक्षकांना विचारायचं, टाकायच्या आधी पालकांना, आणि एकाही घरातून नको आलं तर त्या मुलीचा चेहरा असलेला फोटो टाकायचा नाही, कितीही भारी असला तरी. शाळेचं नाव, मुलीचं नाव, प्रॅक्टिसची वेळ आणि मैदान हे चारही एका पोस्टमध्ये कधीच नको, फोनमधलं लोकेशनही बंद ठेवा. खेळताना कपडे सरकलेले, रडतानाचे, पडल्यावरचे फोटो मी तर घरी येऊन लगेच डिलीट करतो. आणि त्या आईला फोन करून तिच्या मुलीचे चांगले दहा फोटो फक्त तिलाच पाठवा, बघा पुढच्या मॅचला तीच तुमच्यासाठी पूर्वेच्या बाजूला खुर्ची धरून ठेवेल.